तिबिलिसीचं पार्सल

ज्योतीराम वाघमारे धावत स्टोअर्समध्ये पोचला, तेव्हा त्याच्या पार्सलमधल्या चाळिसाव्या पानावर कंपनीचा जांभळा शिक्का बसत होता. आधीच्या एकोणचाळीस पानांवर बसून झाला होता.

"हे काय केलंत?" त्याचा आवाजच चिरकला. "पार्सलवर माझं नाव आहे!"

"खाली पत्ता कंपनीचा आहे," स्टोअर्सप्रमुख दौलतराव शांतपणे म्हणाले. "आणि तिकिटं रशियाची. तीन आठवडे रशियन ग्राइंडिंग मशीन बंद पडलंय, मॅन्युअल नाही म्हणून. आलं एकदाचं!"

"अहो, ते पियानोचं संगीत आहे!"

दौलतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाघमारे, ओव्हरटाइम जरा कमी करा."

ही १९७४ सालची गोष्ट. ज्योतीराम पिंपरीच्या त्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याचे वडील देहूरोडला लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नोटेशन तो त्यांच्याकडूनच शिकला होता. रविवारी प्रार्थना संपली की तिथल्या चर्चचे फादर त्याला पियानोवर बसू देत. एकदा पुण्यात सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात त्याला कुणा आर्मेनियन संगीतकाराची वही मिळाली. त्यानं ती वाजवली आणि आठ दिवस त्याचं जेवणात लक्ष लागेना. एकाच सुराभोवती घुटमळायचं आणि मग उतारावरून पळत सुटायचं, असलं काही त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. कॅम्पातल्या रेकॉर्डवाल्याला त्यानं या माणसाची रेकॉर्ड मागितली, तर तो म्हणाला, "असल्यांना कोण विचारतं, भाऊ?"

हे वाक्य ज्योतीरामला फार लागलं. कोण विचारतं म्हणजे? मी विचारतो! तेव्हापासून कोणीही न विचारलेले आर्मेनियन आणि जॉर्जियन संगीतकार तो इरेला पेटून शोधू लागला. सहा वर्षांत पत्र्याची एक ट्रंक भरली. पत्रं लिहिता लिहिता जॉर्जियात तिबिलिसीला निनो नावाच्या संगीतशिक्षिकेचा पत्ता लागला. तिचे ऐंशी वर्षांचे गुरू नोदार यांची एक ओळही कधी छापली गेली नव्हती. बाईंनी मोडक्या इंग्रजीत कळवलं, 'मी हातानं उतरवून पाठवते.' चाळीचा पोस्टमन पार्सल ओट्यावर टाकून जायचा, म्हणून ज्योतीरामनं पत्ता कंपनीचा दिला. तिथंच चुकलं.

त्यानं तासभर वाद घातला, तरी पानं यंत्रांच्या शॉपवर गेलीच; मागोमाग तोही गेला. मेंटेनन्सचे फोरमन सोपानराव मूळचे चऱ्होलीचे. त्यांनी पानं मशीनशेजारच्या फळीवर टाचण्यांनी लावलीसुद्धा होती.

"सोपानराव, ते गाणं आहे!"

"गानं? मग ह्या पाच लाइनी कशाच्या? मशीनला पाच शाफ्ट हायत." त्यांनी तेलकट बोट पानावर टेकवलं. "ह्ये काळं ठिपकं म्हंजी तेल द्यायच्या जागा. ह्यो पी, म्हंजी प्रेशर. एफ म्हंजी फीड. दोन एफ, डबल फीड. समदं लिवलंय की सायबानं!"

"पी म्हणजे हळू वाजवायचं! एफ म्हणजे जोरात!"

"त्येच की! प्रेशर हळू, फीड जोरात."

सोपानरावांनी ठिपके मोजून मशीनला तेल दिलं. इतकं तेल त्या बिचाऱ्याला तीन आठवड्यांत कोणी दाखवलंही नव्हतं. बटण दाबलं आणि मशीन गुरगुरत सुरू झालं. टाळ्या पडल्या. सगळ्यांना चहा आला. ज्योतीरामलाही कप दिला, ते त्याला जास्तच झोंबलं.

"मशीन चालू झालं ना? मग चांगलंच झालं की," घरी त्याची बायको प्रभावती म्हणाली.

"चांगलं? सातव्या पानावर अंगठा उमटलाय, अंगठा!"

"मग बाईंना लिहा, पुन्हा पाठवा म्हणून."

"चाळीस पानं हातानं लिहिलीत तिनं, प्रभा! कुठल्या तोंडानं लिहू?"

त्यानं आठवडाभर दौलतरावांना सळो की पळो करून सोडलं. शेवटी ते पुरावा बघायला तयार झाले. रविवारी सोपानरावांना घेऊन तिघे देहूरोडच्या चर्चमध्ये गेले. पानं दौलतराव स्वतः घेऊन आले होते. फाइल मांडीवर ठेवून ते एकेक पान द्यायचे आणि वाजवून झालं की परत घ्यायचे.

ज्योतीराम जीव ओतून वाजवत होता. शेवटचा सूर संपला. दौलतराव चष्मा काढून पुसू लागले.

"संगीतच आहे," ते म्हणाले. ज्योतीरामनं हात पुढं केला. दौलतरावांनी फाइलची नाडी बांधली. "पण मशीन यावर चालतंय. खरं मॅन्युअल येईपर्यंत हे हलणार नाही."

"आन् नवव्या पानावर तुमी दोन ठिपकं सोडलं," सोपानराव म्हणाले. "म्या मोजत व्हतो."

सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं होतं.

त्या संध्याकाळी ज्योतीरामनं निनोबाईंना चार पानी पत्र लिहिलं. शिक्के, टाचण्या, अंगठा, ते दोन ठिपके, काही लपवलं नाही. शेवटी हात जोडून क्षमा मागितली.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. 'गुरुजींना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते खूप हसले. म्हणाले, पन्नास वर्षांत माझं संगीत कोणी साधं टेबलावर ठेवलं नाही. तिकडे तीन शिफ्टची माणसं ते रोज बघतात. आणि दोन सूर गळले तर कळणारा माणूस मला इथल्या संगीत विद्यालयातही भेटला नाही. म्हणून त्यांनी नवी रचना लिहिली आहे. श्री. सोपानराव यांस अर्पण. पार्सल त्यांच्याच नावे पाठवलं आहे.'

"माझं पत्र! माझी तिकिटं! सहा वर्षं मी जमवतोय!" ज्योतीराम ओरडतच शॉपवर पोचला.

सोपानरावांनी पार्सल फोडलं होतं. या खेपेला त्यांनी आधी हात साबणानं धुतले होते. पहिल्या पानावर परक्या लिपीच्या खाली त्यांचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. ते त्यावरून हळूच बोट फिरवत होते.

"द्या इकडे. मला वाजवायचंय."

"देतो की राव," सोपानराव टाचण्यांची डबी उघडत म्हणाले. "आधी मशीनला लावून बघतो."