शून्याच्या मागे दोन घरं

गेल्या वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मी माझ्या नातीचा वजनकाटा बिघडवला. चुकून नाही. भर दुपारी, घरात कुणी नसताना, चष्मा लावून, जमिनीवर फतकल मारून. चाळीस वर्षं पनवेलच्या मासळी बाजारात बसलेल्या बाईला काटा कसा फिरवायचा हे शिकवावं लागत नाही. अक्कल तेवढी शिकवावी लागते. ती मला सासूनं एकदा शिकवली होती. पण अक्कल म्हणजे बोंबील नव्हे, वाळवून ठेवली म्हणून टिकायला.

नात म्हणजे तेजल. घरात तेजू. तेव्हा पंधराची. मुलगा, सून, तेजू आणि मी असे आम्ही विचुंब्याला चौथ्या मजल्यावर राहतो. हा काटा बाथरूमच्या दाराशी असायचा, वर उभं राहिलं की सुई थरथरत आकड्यावर जाऊन थांबणारा. त्याच्यावर चढण्याआधी तेजू कानातल्या कुड्या काढायची. मग केसांचं रबर. मग तोंडानं फूऽऽ करून छातीतली सगळी हवा सोडायची. हवेलाही वजन असतं, हे मला तिनंच सांगितलं. मी म्हटलं, मग पंख्याखाली उभी राहू नकोस, अंगावर पडेल. ती हसली नाही. हिशेब करत होती बहुतेक.

असं दिवसातून आठ वेळा. देवळातली घंटासुद्धा एवढ्या नेमानं वाजत नाही.

तेजू कबड्डी खेळते. चढाई करते. समोरच्या सात जणींच्या अंगणात एकटीनं जायचं, जमेल तिला शिवायचं आणि दम संपायच्या आत परत यायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते थेट मासळी बाजारासारखं वाटलं. तिथंही सात जणी एकीवर तुटून पडायच्या, फक्त शिट्टी वाजवायला कुणी नसायचं.

सामना जिंकला की तिच्या संघातल्या पोरी वडापाव खायच्या आणि ही बाकावर बसून वही काढायची. चढाया अकरा, गुण आठ, चुका तीन. घरी आली की चषक पिशवीतच, वही बाहेर. मी विचारायची, आठ गुणांचं काय झालं? ते झाले, आजी, त्यांचं काय करायचं? मग गच्चीवर जाऊन भिंतीवरच्या खडूच्या खुणेला पायाचा अंगठा लावायचा. शंभर वेळा. नव्याण्णवाव्या वेळी अंगठा बोटभर सरकला तर स्वतःलाच म्हणायची, ‘परत’, आणि पुन्हा एकपासून सुरू.

तिचं एक वाक्य होतं: ‘चालेल म्हणजे चुकलं.’ भिंतीवरचं कॅलेंडर जरा कलंडलेलं असलं तरी तिला दारातून दिसायचं. चप्पल काढायच्या आधी ती ते सरळ करायची. माझी भाकरी एका बाजूला जाड झाली की तेही दिसायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, “गोल नाय तर काय झाला? पोटान जाऊन चाकासारखी फिरवायची हाय काय तुला?”

“चालेल म्हणजे चुकलं, आजी.”

आता खरी गोष्ट. तिच्या गटात वजन पंचावन्न किलोच्या आत लागतं. एक किलो जास्त भरलं की खेळ कितीही चांगला असो, बाहेर. आणि तेजू आपल्या आजोबांवर गेलेली, डोलकाठीसारखी उंच. सहा महिन्यांत तिचे दोन पंजाबी ड्रेस आखूड झाले. पोरगी वाढत होती, हाडं वाढत होती, गटाचा आकडा मात्र तिथंच खुंटा रोवून बसला होता. जिल्ह्याच्या संघाची निवड आठ महिन्यांवर. कबड्डीचे सर एवढंच म्हणाले होते की वजनावर लक्ष ठेव. ते हे वाक्य सगळ्याच पोरींना सांगतात. बाकीच्या पोरी ते तिथंच मैदानावर सोडून आल्या, हिनं घरी आणलं.

आधी भात गेला. मग तेल. मग रात्रीचं जेवण. पिठाच्या वजनाचा छोटा काटा ओट्यावर आला आणि माझी भाकरी कात्रीनं कापली जाऊ लागली. चाळीस ग्रॅम. घास पन्नास वेळा चावायचा. मी मोजले, एकदा बावन्न झाले तर तिला ती चूक वाटली.

आणि मी काय केलं? मिरवलं. जिन्यात भेटेल त्या बाईला सांगितलं की आमच्या तेजूचा जिभेवर बघा कसा ताबा आहे. मला तर कळायला हवं होतं. मी सतरा वर्षांची असताना मला बघायला पाहुणे माझ्या माहेरी, मोऱ्याला आले होते. बारीक दिसावं म्हणून मी दोन दिवस उपाशी राहिले, लुगडं करकचून नेसले, चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि चक्कर येऊन थेट होणाऱ्या सासूच्या मांडीवर पडले. सासू कप सावरत म्हणाली, “पोरीला सासरी यायची लय घाई हाय.” ही गोष्ट मी पन्नास वर्षं हसत सांगतेय. उपाशी पोरगी समोर बसलेली असतानाही हसतच सांगितली. ती म्हणाली, दोन दिवसांत किती कमी झालं होतं, आजी?



त्यानंतर एकेक दिसू लागलं. आमच्या इमारतीखालच्या मांजरी एवढ्या फुगल्या की त्या कबड्डी खेळत्या तर कुठल्याच गटात बसल्या नसत्या. तेजूच्या खिशातली भाकरी कुठं जाते ते मला त्यांच्याकडून कळलं. ऐन मे महिन्यात पोरगी स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. हात धरला तर बर्फातल्या पापलेटासारखा. कंगव्यात केसांचा गुंताच्या गुंता. एका सकाळी ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा तिची वेणी मानेपाशी कापलेली होती आणि ती वेणी ओट्यावरच्या पिठाच्या काट्यावर ठेवलेली होती. मला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, “किती भरली?” तिनं आकडा सांगितला. आम्ही दोघी त्या वेणीकडे बघत बसलो.

मग सुनेनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं की पाच महिने झाले, तेजूची पाळी आलेली नाही. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, अर्धा तास समजावलं, खा म्हणाल्या, थोडे दिवस खेळ बंद म्हणाल्या. तेजूनं मान डोलावली. घरी येऊन खेळ चालू ठेवला आणि चाळीसच्या जागी पंचेचाळीस ग्रॅम खाल्लं. मुलगा चिडला, सून रडली, मी तिच्या डाळीत चोरून तूप घातलं. तिला वासावरून कळलं. तिनं वाटी तशीच उलटी केली आणि आठवडाभर माझ्या हातचं काही घेतलं नाही.

निवड बारा दिवसांवर आली. तेव्हा मला माझी जुनी विद्या आठवली.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी काट्याच्या पारड्याला करंगळी लावायला शिकले होते. कुणी शिकवलं नव्हतं, अंगचीच हुशारी. मुंबईहून आलेलं गिऱ्हाईक कोलंबीकडे बघत असायचं आणि माझी करंगळी पारड्यावर. मला वाटायचं, अख्ख्या बाजारात माझ्याइतकी चलाख बाई नाही. सासूनं एक दिवस भर बाजारात माझ्या बोटावर कोयत्याची मूठ मारली आणि म्हणाली, “गिराईक काटा बगत नाय, तुजा हात बगतय.” बोट चार दिवस सुजलं होतं. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा एवढाच कळला की सासू खाष्ट आहे.

तर त्या दुपारी मी तेजूचा काटा उलटा केला. खाली एक छोटं चाक असतं, सुई शून्यावर आणायला. ते फिरवलं आणि सुई शून्याच्या मागे दोन घरं नेऊन ठेवली. म्हणजे उभं राहणाऱ्याचं वजन दोन किलो कमी दिसणार. आकडा कमी दिसला की पोरगी निर्धास्त होईल, दोन घास जास्त खाईल. रिकाम्या काट्याची सुई मागे दिसते हे खरं, पण रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? बाजारात चाळीस वर्षांत एकानंही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तेजूनं कुड्या काढल्या, रबर काढलं, फू केलं, चढली. बराच वेळ उभी राहिली. उतरली. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीमागे थांबली. मी भाकरी थापत होते, वळून बघायची माझी छाती झाली नाही.

“आजी, जवळा आहे का कालचा?”

त्या दिवसापासून अकरा दिवस ती जेवली. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी, मग एक, मग भात आणि वर मागून घेतलेलं कालवण. कात्री खणात गेली. एकदा ताटातलं बोट चाटून ती पुसटसं हसलीसुद्धा. मांजरी जिन्यात येऊन रडून गेल्या. सून मला म्हणाली, आई, डॉक्टरचं औषध लागू पडलं. मी म्हटलं, पडलं असेल. मनातल्या मनात मी स्वतःला सोन्याचं कडं घातलं होतं. निवडीच्या दिवशी तिकडचा काटा खरा असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. पोरगी आता खातेय ना, पुढचं पुढे, म्हणून मी ते बाजूला सारलं. चालेल, म्हटलं.

निवड उलव्याला होती. चारी बाजूंनी अर्धवट इमारती, मध्ये मैदान, आणि सगळ्यावर सिमेंटची धूळ. मी डबा घेऊन गेले होते. वजनाच्या टेबलापाशी तेजू उभी राहिली आणि छप्पन भरली. वर थोडं. टेबलापलीकडच्या माणसानं सांगितलं की दोन तासांनी एकदाच परत वजन होईल.

सरांनी विचारलं, घरी बघितलं नव्हतंस का? मी तिथंच पाच पावलांवर उभी होते. तेजूनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “माझं चुकलं, सर.”

मग तिनं पावसाळी जाकीट चढवलं, त्यावर दुसऱ्या पोरीचं जाकीट, आणि त्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लागली. सर थांब म्हणाले, ऐकलं नाही. पाणी घेतलं नाही. तोंडातली थुंकीसुद्धा गिळायची नाही, कागदी कपात थुंकत पळायची. मी डबा उराशी धरून तिच्यामागं चार पावलं पळाले. सत्तरीच्या बाईचं पळणं ते काय. ओरडून सांगितलं असतं की पोरी, काटा मी फिरवलाय, तर निदान ती माझ्यावर चिडायला तरी थांबली असती. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. चाळीस वर्षं बाजारात माझा आवाज टोकापासून टोकापर्यंत जायचा.

दोन तासांनी ती परत काट्यावर उभी राहिली. पंचावन्नला शंभर ग्रॅम कमी. टेबलापलीकडच्या माणसानं नावापुढे खूण केली. तेजू उतरली, दोन पावलं चालली, आणि पडली. मी पडले होते तशी नाही. सावरायला कुणाची मांडी नव्हती. सरळ धुळीत, तोंडावर.

पनवेलला दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं होतं, आणि तिचं काळीज एवढं सावकाश चालत होतं की डॉक्टर पुन्हा पुन्हा मोजत होते. पंधरा वर्षांची पोर, सलाईनच्या बाटल्या, आणि पलंगाला लावलेलं ते टिकटिक करणारं यंत्र. त्यावर सतत आकडा बदलायचा. शुद्धीवर आल्यावर ती त्या आकड्याकडेच बघत राहायची. कबड्डी वर्षभर बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिनं वही मागितली. सून बाहेर जाऊन रडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच होतो. पेजेची वाटी अर्धी उरली होती. मी तिचा हात धरला, तो अजून गारच होता, आणि सगळं सांगून टाकलं. चाक, सुई, दोन घरं. करंगळीही सांगितली, सासूचा मारही सांगितला. म्हटलं, बोल मला काय बोलायचं ते, तुझ्या वहीत माझं नाव लिही. ती छताकडे बघत होती. मग मान वळवून, हळूच, जणू माझीच समजूत घालतेय अशी म्हणाली,

“आजी, रिकामी सुई शून्याच्या मागं होती, ते मला पहिल्याच सकाळी दिसलं. मी बोलले नाही. मला जेवायचं होतं गं.”