देव्हाऱ्यातलं स्पॅनिश नाणं

सोपानराव दोन तास नाणं शोधत होते आणि ते देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदकुंकू लावून बसलं होतं.

"अगं, साडेपाचशे वर्षांपूर्वीचं स्पेनचं नाणं आहे ते."

"असू दे की. मागं सिंह आहे, देवीचं वाहन. शिवाय लेकीनं पाठवलंय," शालनबाई म्हणाल्या.

लेक वर्षाली सात महिन्यांपूर्वी कंपनीतर्फे स्पेनला गेली. एकुलती एक पोर, न विचारता गेली, म्हणून सोपानराव रुसले ते रुसलेच. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला की हे गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत. ती राहते त्या गावाचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. आता नाण्यासोबत तिची चिठ्ठी आली होती : 'बाबा, हे माझ्याच गावच्या टांकसाळीतलं. गाव ओळखा आणि रविवारी तुम्ही स्वतः सांगा.'

बायकोला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण एकतीस वर्षं चाकणच्या कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर राहिलेला माणूस विचारतो कसला. त्यांनी भिंग काढलं, जाडी मोजायला व्हर्निअर लावला.

"गोल नाही. जाडी तीन ठिकाणी तीन. शिक्का सरकलाय. सरळ रिजेक्ट."

"हातोडीनं ठोकलंय ते. तुमच्या प्रेसवर नाही."

मोबाईलवर त्यांनी यादी शोधली होती. किल्ल्याच्या चित्राखाली टांकसाळीची खूण असते, बी म्हणजे बुर्गोस, टी म्हणजे टोलेडो. यांना किल्ल्याखाली लालभडक बी दिसला, तोही आडवा पडलेला.

"ठोकणारा झोपेत होता," सोपानरावांनी निकाल दिला. "बुर्गोस." मग रविवारच्या कॉलसाठी इस्त्रीचा शर्ट घालून ते फोनसमोर येऊन बसले. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

शालनबाईंना भरून आलं. त्यांनी पदराचं टोक ओलं करून नाणं पुसलं. बीची कुंकवाची रेघ निघून गेली आणि दोन कमानी उरल्या.

"हा पूल आहे, जुना, गावाला पाणी आणणारा. गावाचं नाव सेगोव्हिया. पोर रोज याच्याखालून कामाला जाते. मला दाखवते ना फोनवर, तुम्ही कुंड्यांपाशी असता तेव्हा."

सोपानरावांनी भिंग खाली ठेवलं.

"कुंड्यांना पाणी जरा जास्तच झालं," ते म्हणाले.

"पुदिना कधीच कुजला."

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, तुम्ही? ओळखलंत का गाव?"

"तुझ्या आईनं ओळखलं," सोपानराव म्हणाले. "तू आता फोन घेऊन बाहेर जा आणि मला तो पूल दाखव. सावकाश दाखव."