बाकीच्या सगळ्यांत शरयूताई

तगाऱ्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला सोमवारपासून एक मालक, एक गट आणि ‘बाकीचे सगळे’ असे तीन दर्जे लागू झाले, आणि शरयूताई बाकीच्या सगळ्यांत मोडल्या.

कारण साधे होते. कऱ्हाडच्या पाटबंधारे कार्यालयातून निवृत्त झालेल्या दिनकररावांनी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवले. ते फुकट असते आणि त्याला व्हायरस होत नाही, असे त्यांना सकाळी बरोबर फिरणाऱ्या मंडळींनी सांगितले होते. बसवताना पडद्यावर प्रश्न आला, ‘फायलींच्या मालकीची ही व्यवस्था या पत्त्यावरील सर्व गोष्टींना लावायची का?’ दिनकररावांनी उभ्या नोकरीत सहीआधी कागद वाचला नव्हता. त्यांनी ‘होय’ दाबले, मालक म्हणून स्वतःचे नाव घातले, गट रिकामा ठेवला आणि चहा मागितला.

चहा झाला नाही. शरयूताईंनी साखरेचा डबा उचलायला हात घातला, तर डबा जागचा हलेना.

“परवानगी नाही,” डबा शांतपणे म्हणाला. “आपण पाहू शकता. उचलू किंवा उघडू शकत नाही.”

“अरे, तू माझ्या माहेरचा डबा आहेस!”

“माहेर या पत्त्यावर नाही,” डबा म्हणाला. “ही घटना कळवली जाईल.”

कोणाला कळवली जाईल, ते मंगळवारी सकाळी समजले. मिरजेहून वन्संचा, म्हणजे दिनकररावांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. “वहिनी, साखरेला हात लावलात म्हणे? दादाला विचारलं होतं का?”

एरवी शरयूताईंनी हेही मनावर घेतले नसते. चौतीस वर्षांच्या संसारात त्या यापेक्षा अवघड डब्यांना पुरून उरल्या होत्या. पण गुरुवारी केतकी, त्यांची एकुलती एक लेक, बाळंतपणासाठी येणार होती. तिने फोनवर एकच हट्ट धरला होता, “आई, आल्या आल्या तुझ्या हातचं अळूचं फतफतं पाहिजे. दुसरं काही जातच नाहीये गं.” आणि शरयूताईंच्या हाताला तर स्वतःच्या स्वयंपाकघरात काडीचा अधिकार उरला नव्हता.

“त्यात काय? मी करतो, तू सांग,” दिनकरराव उदारपणे म्हणाले. मालकच ते. बुधवारी त्यांनी रंगीत तालीम घेतली. शरयूताई दारात उभ्या राहून सांगत होत्या आणि दिनकरराव मोहरी शोधत होते. मोहरीचे ते मालक होते, पण आजवर दोघांची ओळख झालेली नव्हती.

“डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे. ते मेथीदाणे.”

“दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.”

“म्हणून तर सांगतेय.”

फतफते झाले. दिनकरराव त्यात चिंच घालायला विसरले होते, त्यामुळे घास पोटात जाण्याआधीच दोघांचे घसे खाजायला लागले. शरयूताईंनी ताट सरकवले, म्हणजे सरकवायला गेल्या, पण ताटही नाही म्हणाले. मग मात्र त्यांना रडूच कोसळले. लेक पोटुशी, इतक्या लांबून येणार, आणि तिच्यापुढे हे ठेवायचे?

बायकोचे रडणे दिनकररावांना कधीच सहन झाले नव्हते. ते संगणकासमोर बसले. अडचण फारच वाढली तर सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकावेत, असे कोणीतरी इंटरनेटवर लिहिले होते. त्यांनी देऊन टाकले.

शरयूताईंनी डोळे पुसून साखरेचा डबा उचलला. तो निमूटपणे उचलला गेला. त्या वळल्या तर समोरच्या घरातले डिसले त्यांच्या पलंगावर पांघरूण घेऊन पडलेले. रस्त्याने चाललेला एक अनोळखी गृहस्थ आत येऊन न्हाणीघरात दाढी करत होता. दोघेही अतिशय सभ्यपणे वागत होते.

“डिसले, हे काय?” दिनकररावांनी विचारले.

“परवानगी आहे,” डिसले म्हणाले. “पंखा दोनवर करता का?”

दिनकररावांनी अधिकार मागे घेतले. डिसले पलंगावरून आपोआप घरंगळले, आणि त्या गृहस्थाची अर्धी दाढी तशीच राहिली.

आता दिनकररावांना एकच उपाय सुचत होता. घराची मालकीच शरयूताईंच्या नावे करायची. त्यासाठी नुसती मालकी पुरत नव्हती, पासवर्डही लागत होता.

“पासवर्ड सांगा,” संगणक म्हणाला.

दिनकररावांनी तोंड उघडले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. व्यवस्थेचा तसा नियमच होता. पासवर्ड कोणाला ऐकू जाता कामा नये.

“चूक,” संगणक म्हणाला. पुन्हा ओठ हलले. पुन्हा चूक. दिनकररावांच्या कपाळाला घाम आला. शरयूताई त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या.

“अहो, केतकीची जन्मतारीख ना ही?”

त्यांनी मान डोलावली.

“मग मे काय म्हणताय? मार्चमधली आहे आपली पोर!”

दिनकरराव ओशाळले. ओठ तिसऱ्यांदा हलले, आणि संगणकाने ते मान्य केले.

“नव्या मालकाचे नाव?”

“हिला द्या.”

“‘ही’ नावाचे कोणी आढळले नाही.”

“आमच्या मंडळींना.”

“आढळले नाही.”

“केतकीच्या आईला हो!”

“आढळले नाही. नाव सांगा.”

दिनकररावांनी आयुष्यभर ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवर भागवले होते. त्यांनी भिंतीकडे पाहिले, छताकडे पाहिले, घसा साफ केला. मग अगदी हळू म्हणाले, “शरयू.”

शरयूताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. लग्नात उखाण्यातून त्यांनी हे नाव घेतले होते, तेवढेच. त्या तडक आत गेल्या आणि अळूचे देठ सोलायला बसल्या.

गुरुवारी दुपारी केतकी आली. रिक्षातून उतरून जपून पायऱ्या चढली, आणि उंबऱ्याशी तिचे पाऊल अडले.

“परवानगी नाही,” दार म्हणाले. “आपण बाकीच्या सगळ्यांत आहात. बाहेरून पाहू शकता.”

केतकीचा चेहरा पडला. “आई, मी आता बाकीच्यांत?”

शरयूताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना भयंकर राग आला.

“हिला गटात घाल,” त्या दाराला म्हणाल्या. “सगळे अधिकार.”

“किती मुदतीसाठी?”

“मुदत नाही.”

“लग्न झालेल्या मुलींना मुदत घालण्याचा प्रघात आहे. बाळंतपणापुरती, किंवा दिवाळीपुरती.”

“प्रघाताचं मी बघते. मालक कोण आहे?”

“आपण,” दार म्हणाले आणि सताड उघडले.

केतकी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आली, तिने न विचारता झाकण काढून वास घेतला आणि पाट ओढून बसली. कोणी तिला अडवले नाही. दिनकरराव मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच घोटाळत होते.

“अगं,” ते म्हणाले, मग थांबले. “शरयू, मी कशात येतो?”

“पानं घ्या,” शरयूताई फोडणी करता करता म्हणाल्या.

दिनकररावांनी भीत भीत ताटांना हात लावला. ताटे उचलली गेली.