राणीचं कालच उरकलं

खुनी माणूस डोळ्यांवरून ओळखता येतो, असं दत्ताराम छातीठोकपणे सांगायचा. घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा हा माणूस दादरच्या एका विमा कचेरीत कारकून होता. दिवसभर लोकांच्या मरणाचे दाखले तपासायचे आणि संध्याकाळी लालबागच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात लोक मरताना बघायचे, असा त्याचा दिनक्रम होता. त्यातही त्याला साधा खून चालायचा नाही. एकच माणूस एकामागून एक माणसं मारत सुटलाय आणि कुणीतरी शांत डोक्याचा इन्स्पेक्टर त्याच्या मनात शिरून त्याला हुडकतोय, असलं पुस्तक हातात पडलं की दत्तारामचा चहा निवून जायचा.

"सकाळी पंचशील म्हणता, प्राणिहत्या करणार नाही म्हणून," त्याची बायको कौसल्या म्हणायची, "आणि संध्याकाळी तीन-तीन मुडदे पाडता."

"मी कुठं पाडतो? मी पकडतो," दत्ताराम म्हणायचा.

जेवणं झाली की गॅलरीत चाळ गोळा व्हायची आणि दत्ताराम पुस्तकातली गोष्ट रंगवून सांगायचा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मोर्चे, हरताळ, अश्रुधूर, सगळं अंगावरून गेलेलं. बाहेर गोळ्या कुणी घातल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी धरत नव्हतं. पुस्तकातला खुनी मात्र शेवटच्या प्रकरणात हमखास सापडायचा. म्हणून असेल, पण गिरणीतून दमून आलेली माणसंसुद्धा डोळे ताणून ऐकत बसायची. खुनी गवसला की बाबुराव जॉबर, गिरणीतला मुकादम, स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "मी होतो बघा तिथं, तर मानगूटच धरली असती."

अशा चाळीत, दत्तारामच्या अगदी शेजारच्या खोलीत, सॅम्युअल राहायला आला.

पन्नाशीचा, किडकिडीत, पायजम्यावर स्वच्छ पांढरा शर्ट. बायको सेसिलिया सासूच्या आजारपणासाठी वसईला राहिलेली, त्यामुळं एकटाच. मराठी आपल्यासारखंच बोलायचा, पण बोलायचाच कमी. दार कायम लोटलेलं. खिडकीला आतून पडदा. दिवसातून कितीदा तरी बालदी घेऊन नळावर यायचा आणि शिकेकाईनं हात धूत बसायचा. बाहेर जाताना काळी चामड्याची बॅग पोटाशी धरलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो बायकांच्या तोंडाकडं बघायचाच नाही. त्या पुढं गेल्या की मागून त्यांच्या डोक्याकडं बघायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा.

"शांत, स्वच्छ, एकटा," दत्ताराम कौसल्येला म्हणाला. "तीनही लक्षणं आहेत."

"मग तुम्ही सोडून जगातले सगळे सभ्य पुरुष खुनीच म्हणायचे," कौसल्या म्हणाली आणि घाईघाईनं भाकऱ्या थापायला बसली. तिची ही घाई दत्तारामच्या लक्षात आली नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी. दत्ताराम दुपारी घरी आला तेव्हा कौसल्या खोलीत नव्हती आणि शेजारी कुणी पाहुणा आला होता. दोन खोल्यांमधली भिंत वरच्या बाजूला नुसत्या फळ्यांची होती. दत्तारामनं कान दिला नाही, पण शब्द आपोआप यायला लागले.

"राणीचं कालच उरकलं," सॅम्युअलचा आवाज आला. "यशोदेला सोमवारी घेतो. म्हातारी शेवटी."

"या खेपेला डोकं नीट सांभाळा," पाहुणा म्हणाला. "मागच्या वेळी मागून फाटलं होतं. सगळ्या लोकांसमोर खाली पडलं, केवढी शोभा झाली."

"घाईत होतं ते. एका दिवसात तिघींचं करायचं म्हणजे हात चालत नाही हो."

दत्तारामनं इतकी पुस्तकं वाचली, पण पुस्तकात भीती वाटते तेव्हा पान मिटता येतं, हे त्याला आजच कळलं. फळीच्या पलीकडं एक माणूस दुसऱ्या बाईचा वार ठरवत होता आणि ह्याला साधा खोकलाही काढता येईना. पाहुणा गेल्यावर तो धडपडत गॅलरीत आला. तेवढ्यात सॅम्युअलचं दार उघडलं आणि आतून कौसल्या बाहेर पडली.

दत्तारामनं तिची वाट अडवली.

"तू... इथं काय करत होतीस?"

"साखर मागायला गेले होते," कौसल्या म्हणाली.

"वाटी कुठाय?"

"नव्हती त्याच्याकडं साखर. म्हणून वाटीपण नाही," असं काहीतरी बोलून ती घरात शिरली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

असल्या माणसांकडं एक जादू असते, बायका आपल्या पायांनी त्यांच्याकडं जातात, असं दत्तारामनं वाचलं होतं. त्याला वाटलं, राणी झाली, यशोदा सोमवारी, मग म्हातारी, आणि मग?

तो तडक बाबुरावाकडं गेला. दोन पावलांवर खोली, पण पोचेपर्यंत त्याचा शर्ट भिजला. बाबुरावनं सगळं ऐकून घेतलं. मानगूट धरायची गोष्ट त्यानं काढली नाही. उलट दाराला कडी घातली.

"पोलिसात जाऊ या," दत्ताराम म्हणाला.

"गोळीबारानंतर या चाळीत पोलीस? पोरं आपल्यालाच धरून हाणतील. आणि मला विचारशील, तर तो खुनी नाही, सीआयडीचा माणूस असणार. मोर्चावाल्यांची नावं काढायला बसवलाय."

"अरे, डोकं फाटलं म्हणाला."

"मग सीआयडीचा खुनी असेल," बाबुराव म्हणाला.

रविवारी सकाळी नळावर बातमी पोचली ती खुनी आणि सीआयडी अशी दोन्ही मिळून. तळमजल्यापर्यंत जाता जाता राणीच्या तीन राण्या झाल्या आणि बॅगेत मुंडकं असल्याचं कुणीतरी शपथेवर सांगू लागलं. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामातल्या तरुणांना खबऱ्या एवढा एकच शब्द पुरेसा होता. सॅम्युअल चर्चहून परतला तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. त्याला वर येऊ दिलं आणि मग मागून जिना बंद केला.

"बॅग उघड," बाबुराव म्हणाला. मागं तीस-चाळीस माणसं असल्यामुळं त्याला धीर आला होता.

"काय झालं, बाबुराव?" सॅम्युअलनं बॅग आणखी पोटाशी धरली.

कुणीतरी बॅग हिसकली. टाळं तुटलं. गॅलरीच्या फरशीवर केसांचे झुपके पडले. लांब, काळेभोर, काही पिंगट, काही करडे, दोऱ्यानं बांधलेले. मागं एका बाईनं किंकाळी फोडली. पुढची माणसं मागं सरली आणि मागची पुढं आली.

"नाटकातले केसांचे टोप करतो हो मी," सॅम्युअल हात जोडून म्हणाला. "गिरगावातल्या कंपनीसाठी. राणीचा टोप, यशोदेचा टोप. काल त्यांचा मॅनेजर आला होता, विचारा त्याला."

माणसं घोटाळली. एकदोघं हसलेसुद्धा. तिथंच मिटलं असतं. पण दत्तारामनं खाली वाकून एक झुपका उचलला आणि त्याला वास आला. माक्याचं तेल. कौसल्या दर शनिवारी घरी कढवायची ते. आणि झुपक्याला बांधलेली चिंधी तिच्या फाटक्या हिरव्या लुगड्याची होती.

"हे केस कुणाचे?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

सॅम्युअलनं झुपक्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "ते सांगता येणार नाही."

"का?"

"शब्द दिलाय."

मग मात्र गर्दी उसळली. कुणी त्याची कॉलर धरली, कुणी ढकललं. पांढरा शर्ट खांद्यावर टरकन फाटला. "बोल, कुणाला शब्द दिलास?" असं ओरडत एका तरुणानं हात उगारला. सॅम्युअलनं डोळे मिटले, पण तोंड उघडलं नाही. दत्ताराम हातात झुपका धरून नुसता उभा होता. आपण सुरू केलेली गोष्ट आता आपल्या हातात राहिली नाही, एवढं त्याला कळत होतं.

"सोडा त्यांना."

कौसल्या दारात उभी होती. ती गर्दीतून वाट काढत मधोमध आली. तिच्या अंबाड्याचं चाळीत नाव होतं. हळदीकुंकवाला बायका तिच्या मागं बसून तो बघायच्या आणि दत्ताराम चारचौघांत सांगायचा, आमच्या हिच्या केसांना दोन वाट्या तेल लागतं. त्या अंबाड्याला तिनं हात घातला, आकडे काढले आणि एक हिसका दिला. अंबाड्याचा बराचसा भाग तिच्या हातात आला. मानेवर सुपारीएवढी गाठ उरली.

सॅम्युअलची कॉलर धरलेल्यानं ती सोडली.

"हे माझं जुनं गंगावन," ती म्हणाली. "आणि यांच्या हातात आहे ते नवं. माझ्याच गुंतवळाचं. टायफॉइड झाला तेव्हापासून गळतायत केस. फणीत येतील तसे डबीत जमवत होते. कुणाला सांगू नका, अशी मी सॅम्युअलभाऊंना शपथ घातली होती. आता मारायचं तर मला मारा."

उगारलेला हात खाली आला.

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "त्यातलं करडं आहे ना, ते माझं." बाबुरावाची बायको चंपा होती ती. "खाली टाकू नका, पाय लागेल कुणाचा."

"आणि ते पिंगट माझं," तळमजल्यावरची राधाबाई म्हणाली.

मग एकेक करून बायका पुढं येऊ लागल्या, वाकून आपापला झुपका ओळखून उचलू लागल्या. नवरे बघत राहिले. इतकी वर्षं एकाच खोलीत काढली आणि घरातल्या बाईच्या डोक्यावर तिचं स्वतःचं किती आणि बाहेरचं किती, याचा पत्ता नव्हता. बाबुराव मटकन जिन्यावर बसला. तरुण मंडळींना अचानक समितीच्या सभेची आठवण झाली.

दत्तारामला रडावं की पळावं कळेना. त्याला मेलेल्या राणीपेक्षा त्या सुपारीएवढ्या गाठीचा धक्का जास्त बसला होता. टायफॉइडमध्ये तिच्या उशाशी तोच बसला होता, आणि उठल्यावर आरशासमोर ती एकटीच राहिली होती.

"मला तरी सांगायचंस," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही मनातलं ओळखता ना," कौसल्या म्हणाली आणि आत गेली.

दुपारी तो सॅम्युअलकडं गेला. सोबत स्वतःचा इस्त्रीचा शर्ट नेला होता. सॅम्युअल खिडकीपाशी बसून फाटकी बाही शिवत होता. दत्तारामनं माफी मागितली. फळीतून काय ऐकलं, काय समजलो, सगळं खरं खरं सांगितलं. सॅम्युअल सुई थांबवून ऐकत राहिला.

"म्हणजे तुम्हाला खरंच वाटलं, मी बायकांना मारतो?"

"वाटलं."

"भीती वाटली?"

"पाय लटपटत होते."

"आणि त्या बाबुरावला? केवढा थोराड माणूस तो."

"कडी लावून बसला होता."

सॅम्युअलनं सुई बाहीत टोचून ठेवली. दत्तारामला वाटलं, माणूस फार दुखावलाय. पण त्याच्या तोंडावर जे पसरत होतं ते वेगळंच होतं. तो किंचित ताठ बसला.

"पन्नास वर्षांत मला कुणी घाबरलं नाही हो," तो म्हणाला. "कंपनीतला पोऱ्यासुद्धा अरे सॅम्या म्हणतो. दत्तारामभाऊ, एक करा. पुढच्या रविवारी सेसिलिया येणाराय. तिला हे जरा सांगाल? तुम्ही सांगता तसं, रंगवून."

दत्ताराम कबूल झाला. तेवढं तरी देणं लागत होतं. रविवारी सेसिलिया आली. चांगली उंचीपुरी बाई, येताना दोन्ही हातांत वसईच्या केळ्यांचे घड. चहा झाल्यावर दत्तारामनं सुरुवात केली. शांत, स्वच्छ, एकटा, फळीपलीकडचा आवाज, हातांची शिकेकाई, काळी बॅग. आयुष्यात इतकी चांगली गोष्ट त्यानं सांगितली नव्हती. सॅम्युअल खुर्चीत मागं रेलून डोळे बारीक करून बायकोकडं बघत होता.

सेसिलियानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत हसत खाटेवर बसली, पदरानं डोळे पुसले, आणि तरीही थांबेना.

"खून? हा?" ती म्हणाली. "अहो, नाताळात कोंबडी कापायची असली की हा शेजारच्याला बोलवतो, आणि स्वतः खाडीवर जाऊन उभा राहतो, कानात बोटं घालून."

सॅम्युअलनं आपला चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी तो बराच वेळ पीत राहिला, आणि दत्तारामनंही मग आपला उचलला.