खिशातली द्राक्षं

यशवंत मास्टरांच्या द्राक्षांना खिसे आहेत. खरेखुरे, पँटीला आतून असतात तसे. बदलापूरच्या पुढे त्यांचा दहा गुंठ्यांचा तुकडा आहे, त्यात बावीस वेली. फळ धरलं की प्रत्येक घडावर एक पांढरा सुती खिसा चढतो आणि वर नाडी बांधली जाते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कुण्या मोठ्या कुटुंबानं आतले कपडे वाळत घातलेत.

"औषध मारायचं नाही, माशी बसू द्यायची नाही, बुलबुलाला चोच लावू द्यायची नाही," मास्टर म्हणतात. "मग कपडे नको घालायला?"

मास्टर आमचे बुवापाड्यातले शेजारी. तीस वर्षं उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. खिशाचं कापड तिथल्याच कातरणातून येतं. जुना शेठ अजून त्यांच्यासाठी पोतं बाजूला ठेवतो आणि दर वेळी विचारतो, "मास्टर, अंगूर को झिप भी लगाओगे क्या?"

"नहीं सेठ, नाडी काफी है," मास्टर अगदी गंभीरपणे सांगतात.

माणूस रिटायर झाला, जीभ मात्र कटिंगच्या टेबलावरच राहिली. वेलीला ते गिऱ्हाईक म्हणतात. गळ्यात टेप घालूनच शेतात उतरतात. "ही बाई कमरेत सुटलीय, आत घ्यायला पाहिजे," असं पुटपुटत छाटणी करतात. द्राक्षं आंबट निघाली की म्हणतात, "ही ट्रायल. फायनल पीस पुढच्या वर्षी." अशी चार वर्षं ट्रायल झाली, आणि ती आमच्या अख्ख्या चाळीच्या दातांवर झाली. मी शाळेत क्लार्क आहे. एकदा भाबडेपणानं एक घड हेडबाईंना नेऊन दिला. त्यांनी दोन मणी खाल्ले आणि माझी रजा नामंजूर केली.

औषध न मारण्याबद्दल मात्र त्यांच्याशी वाद घालायचा नाही. "कारखान्यामागच्या नाल्याचा रंग त्या सीझनच्या फॅशनप्रमाणे बदलायचा," ते सांगतात. "काळी जीन्स चालली की नाला काळा. तीस वर्षं तो वास घेतला, आता शेतात नको." त्यामुळे पानांवर भुरीची पांढरी बुरशी आली की आंबट ताक फवारतात आणि मुळांना शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून घालतात. एकदा विठ्ठलवाडीच्या एका गोठ्यातून गोमूत्राचा कॅन स्कूटरवर घेऊन निघाले, तर नाक्यावर हवालदारानं अडवलं. "काय आहे यात? हातभट्टी?" मास्टर म्हणाले, "साहेब, वास घेऊन बघा." साहेबांनी झाकण उघडून नाक आत घातलं. त्या नाक्यावर आता त्यांची स्कूटर कुणी अडवत नाही.

पण मुळात बदलापुरात द्राक्षं लावायचीच कशाला? कृषी खात्याच्या साहेबांनीही समजावलं होतं, इथला पाऊस द्राक्षाला सोसत नाही, जांभूळ लावा. मास्टर म्हणाले, "जांभळाचं काय करू? मला निफाडला पेटी पाठवायचीय."

निफाडला त्यांचे व्याही राहतात. मास्टरांच्या सिद्धार्थनं दीपालीशी लग्न केलं, ती तिकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आम्ही बौद्ध, ते पाटील. वडिलांनी मुलीचं नाव टाकलं. आठ वर्षं भेट नाही, फोन नाही. दीपाली रडूबाई नाही. पण बाजारात द्राक्षांच्या गाडीपाशी थांबायची, एखादा घड उचलून देठ न्याहाळायची आणि न घेताच पुढे जायची. मास्टरांनी हे दोनदा पाहिलं आणि रोपं आणली. छाटताना फांदीवरचा कुठला डोळा राखायचा, कुठे कापायचं, ते तिनंच त्यांना शिकवलं.

मास्टरांचा हिशेब सरळ होता. "टेलर कितीही रागात असू दे, दुसऱ्याचा शर्ट हातात आला की उलटा करून शिवण बघतोच. व्याही बघणार. पण माल तसा पाहिजे. आंबट पेटी गेली तर आठाची ऐंशी वर्षं होतील."

यंदा फेब्रुवारीत दीपालीनं एक मणी तोंडात टाकला. दुसरा टाकला, मग तिसरा. मास्टरांनी त्याच दिवशी पेटी भरली, आत चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहिला आणि एसटीनं पार्सल रवाना केलं. पुढचे आठ दिवस हा माणूस मोरीतसुद्धा फोन घेऊन जायचा. वर "मी कुठं वाट बघतोय?" असं आम्हालाच विचारायचा.

नवव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी साखर मागायला गेले होते, आणि खरं सांगायचं तर तिथून हलले नाही. मशिनींच्या आवाजानं मास्टरांचे कान गेलेत, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"पेटी पोचली," पलीकडचा आवाज खरखरीत होता. "गोडी ठीक हाये. पर मणी येकमेकाच्या उरावर बसलेत. मणी बारीक असतानाच मधले कात्रीनं काढावं लागत्यात. इरळणी म्हंत्यात त्याला. केली न्हाई का तुम्ही?"

"केली की. थोडी," मास्टर उभे राहून बोलत होते.

"कुनी शिकवली आसली इरळणी?"

मास्टरांनी दीपालीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, हाताला कणीक तशीच.

"तुमच्या लेकीनं."

फोन कट झाला असं वाटून मास्टरांनी तो कानाशी नेऊन पाहिला.

"तिला इरळणी कधीच जमली न्हाई," आवाज आला, पण आता तो खरखरीत नव्हता. "येक मणी काढायचा म्हनलं तरी जिवावर यायचं तिच्या. द्या तिच्याकं फोन."

दीपालीनं कणकेच्या हातानंच फोन घेतला. "आप्पा," एवढंच म्हणाली. मला रडू आवरेना. मास्टरांचेही डोळे वाहत होते, पण त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, स्वतःच्या बायकोला, आमच्या काकूंना काढलं, कामावरून आलेल्या सिद्धार्थला दारातच अडवलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. आम्ही चौघं ओट्यावर बसून राहिलो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. आतून कधी रडणं ऐकू येत होतं, कधी चक्क हसणं.

"अहो, गॅसवर भात आहे," काकू कळवळून म्हणाल्या. "करपेल तो."

"करपू दे," मास्टर म्हणाले.