जरा बोट ठेवा

रविवारी सकाळी आमच्या गल्लीतून दहाही बोटं मोकळी ठेवून जाणं अवघड होतं. कोपऱ्यावरच्या ओट्यावर दाजीसाहेब कारखानीस बसलेले असत. मांडीवर उघडी बंदूक, नाकावर चष्मा, आणि समोरून कोणीही जाताना दिसला की हाक यायची, "अहो, जरा इकडे या. बोट ठेवा इथं. एक मिनिटाचं काम आहे."

हे एक मिनिट कसं असतं ते मला उज्जैनला आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं. मी मूळचा नाशिककडचा. इथल्या शाळेत मास्तर म्हणून नोकरी लागली आणि माधवनगरात दाजीसाहेबांच्या शेजारी दोन खोल्या मिळाल्या. पिशवी घेऊन भाजी आणायला निघालो तो थेट जेवायच्या वेळेला परत आलो. पिशवी रिकामी होती. उजव्या हाताच्या बोटाला काळं तेल लागलं होतं आणि नखाखाली रक्त साकळलं होतं. बायको म्हणाली, "मंडईत मारामारी केलीत की काय?"

बंदूक दुनळी होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. घोड्यामागच्या कप्प्यात एक वाकडी पोलादी पट्टी असते, तिला दाजीसाहेब कमान म्हणत. ही कमान दाबून धरल्याशिवाय बाकीचे तुकडे जागेवर बसत नाहीत. आणि दाबून धरायला दाजीसाहेबांचे दोन हात पुरत नसत. शेजाऱ्याचं बोट लागायचं.

"तुमचा सगळा जन्म शिलेखान्यात गेला," मी एकदा त्याच दाबलेल्या अवस्थेत त्यांना म्हणालो, "आणि एवढी एक बंदूक जोडता येत नाही?"

शिलेखाना म्हणजे हत्यारांची कोठी. ग्वाल्हेर संस्थानच्या एका शिलेखान्याचे ते दारोगा होते. संस्थान विलीन झालं, कोठी नव्या सरकारनं ताब्यात घेतली आणि दाजीसाहेब पेन्शन घेऊन उज्जैनला आले.

"दारोग्याचं काम मोजायचं असतं, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "जोडायचं काम मिस्त्रीचं. अन् तुम्ही हलून राहिले. हलू नका. आज हिचा मिजाज तसाही ठीक नाही."

बंदुकीचा मिजाज कधीच ठीक नसायचा. ओट्यावर जुनं धोतर अंथरून त्यावर सगळे तुकडे ओळीनं मांडलेले असत. जोडून झालं की एखादा उरायचा. मग पुन्हा सगळं सोडवायचं. कधी एखादा स्क्रू घरंगळत आमच्या दारातल्या रांगोळीत जायचा, कधी चहाच्या बशीत सापडायचा. एकदा कमानच उडाली आणि समोरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या सांडग्यांत पडली. ती शोधायला आम्ही चौघं जण रांगत होतो. काय हरवलंय हे बघायला आणखी दोघं थांबले आणि तेही रांगू लागले. त्या दिवशी दाजीसाहेब फार खुशीत होते. आतून सगळ्यांना चहा आला. चहा तेच करायचे, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नसे. दूधवाला रामलाल कासावीस होऊन म्हणायचा, "साब, छोड़ दो, भैंस इंतज़ार कर रही है." दाजीसाहेब म्हणायचे, "भैंस समझदार है, रुकेगी. तू अंगूठा दबा." रामघाटावरचे एक भटजी सायकलवरून चालले होते, त्यांनाही उतरवलं. भटजी म्हणाले, "सोवळ्यात आहे, तेलाला हात लावणार नाही." तर दाजीसाहेबांनी त्यांना उपरण्याच्या टोकानं कमान धरायला लावली. उपरणं तेलकट झालं, भटजी चिडले, पण चहा पिऊन गेले.

एकदा बोट कमानीवर ठेवलं की उठायची सोय नसे. बोट काढलं तर तुकडे उडणार. त्यामुळे ते जे बोलतील ते ऐकत बसायचं. दसऱ्याची स्वारी, हत्तीच्या अंबारीचं वजन, कुठल्या तरी साहेबाची हरवलेली तलवार आणि ती त्याच्याच पलंगाखाली कशी निघाली, हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलं की मधले शब्द चुकले तर मीच सांगायचो. ते म्हणायचे, "बघा, तुम्हाला आठवतं. मला आता आठवत नाही." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

ही बंदूक उडालेली कोणी पाहिली नव्हती. घरात काडतूस नव्हतं. समोरच्या पेरूवर माकडं यायची तेव्हा गल्ली ओरडायची, "दाजीसाब, बंदूक निकालो!" दाजीसाहेब म्हणायचे, "अभी खुली पड़ी है." माकडांनाही हे माहीत असावं. ती ओट्याच्या कठड्यावर बसून निवांत पेरू खायची.

त्या वर्षी नव्या बातम्या येत होत्या. मध्यभारत मोडणार, भोपाळ धरून मोठा प्रदेश होणार, तिकडे मराठी मुलखाचं काय ते ठरणार. चहाच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. दाजीसाहेब चिंधीनं नळी पुसत म्हणाले, "सरकार माझंच बघून शिकलं आहे, मास्तर. आधी सगळं सोडवायचं. मग जोडायला बसायचं. अन् जोडून झालं की एक तुकडा उरतो."

"यात उरलेला कुठला?"

"आपण, इकडचे मराठी लोक," ते म्हणाले. "अजून कोण? हलू नका."

या गडबडीतच हुकूम निघाला की जुन्या संस्थानी परवान्यांवरच्या बंदुका कचेरीत आणून दाखवायच्या. बंदूक चालू असेल आणि ती ठेवायचं कारण पटलं तर परवाना नवा होईल, नाही तर ती जमा करायची. दाजीसाहेबांचा चेहरा उतरला. चार दिवस ते ओट्यावर दिसले नाहीत. मग संध्याकाळी आमच्या दारात आले. आमच्या घरी ते सहसा येत नसत. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "दसऱ्यानंतर बोलावलं आहे. तुम्ही बरोबर चलाल? बोट लागलं तर कोणी असावं."

मधे खंडेनवमी आली. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची ही आपली रीत. आम्ही शेजारी आल्यापासून दाजीसाहेबांच्या बंदुकीची पूजा माझी बायको करायची. बायकोचा हात सढळ. आमच्या घरी अडकित्त्याची आणि विळीची पूजा, तिकडे खरीखुरी बंदूक, म्हणजे मग विचारूच नका. हळद पाण्यात कालवून, कुंकू ओलं करून, वरून मूठभर अक्षता. तिनं घोड्याला, चापाला, दोन्ही नळ्यांना मनापासून वाहिलं. दाजीसाहेब हात जोडून उभे होते. दसरा झाला, बंदूक खोळीत गेली, आणि आम्ही टांग्यानं कचेरीत गेलो.

साहेब तरुण होते, कुठून तरी बाहेरून बदलून आलेले. त्यांनी बंदूक हातात घेतली, घोडा मागे ओढला. घोडा अर्ध्यावर आला आणि तिथंच रुतला. पुढे जाईना, मागे येईना. साहेबांनी चाप ओढला, बंदूक हलवली. आतून खुळखुळ आवाज आला.

"बाबासाहब, ये तो बेकार है," ते म्हणाले. "जमा कर दीजिए."

शिपाई पुढे आला. दाजीसाहेबांनी बंदुकीवर हात ठेवला. "पाच मिनट दीजिए, साहब. चावल फँसा है."

"क्या फँसा है?"

उत्तर न देता त्यांनी साहेबांच्या टेबलावरच बंदूक सोडवायला घेतली. झाकण निघालं तसं वाळलेलं कुंकू टेबलावर सांडलं, मग हळदीचे पोपडे, मग पाच-सहा अक्षता. साहेब बघतच राहिले. "ये बंदूक है कि ब्याह की थाली?" माझी मान खाली गेली. बायकोला हे सांगायचं कसं या विचारानं मला घाम फुटला.

कप्पा साफ झाला. आता कमान बसवायची वेळ आली. मी सवयीनं बोट पुढे केलं. शिपायानं मला दंडाला धरून मागे ओढलं. "आप दूर रहिए. जिसका लाइसेंस, वही हाथ लगाएगा."

झालं, मी मनात म्हटलं. बंदूक गेली. दाजीसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक छोटा लोखंडी चिमटा काढला. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला होता. त्यांनी कमान त्यात धरली, पीळ दिला, आणि ती मुकाट्यानं जागेवर बसली. मग एकेक तुकडा, न बघता, न अडता. शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा धोतरावर, म्हणजे टेबलावर, एकही तुकडा उरला नव्हता. घोडा ओढला, चाप दाबला. खट्. दुसरा. खट्.

माझं बोट! इतके रविवार चेमटलेलं, हळद लावून चिंधीत गुंडाळलेलं माझं बोट! क्षणभर मला असा राग आला की काय सांगू. या माणसाला सगळं येत होतं. चिमटा खिशात होता. मग दाजीसाहेबांकडे लक्ष गेलं. बंदूक वाचली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चोरी पकडल्यासारखे ते खाली बघत होते, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

साहेब आता नीट बसले. "अच्छा. रखनी किसलिए है? शिकार? खेती की रखवाली? जान का ख़तरा?"

दाजीसाहेबांनी चिमटा पुन्हा कोटाच्या खिशात ठेवला. शिकार त्यांनी कधी केली नव्हती, शेत नव्हतं, आणि त्यांच्या जिवावर कोण उठणार?

"खोलने के लिए, साहब," ते शेवटी म्हणाले.

"मतलब?"

"खुली रहती है तो लोग आ जाते हैं. दो घड़ी बैठते हैं. बंद बंदूक के पास कौन आता है?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. साहेबांनी टेबलावरचं कुंकू कागदानं हळूच एका बाजूला सारलं. मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "लिखो, आत्मरक्षा."

परतताना टांग्यात बंदूक त्यांच्या मांडीवर होती. घर आलं तसे ते उतरले, आणि नेहमीसारखं चहाला या म्हणायचं त्यांनी टाळलं.

पुढच्या रविवारी हाक आली नाही. मी पिशवी घेऊन मुद्दाम ओट्याजवळून सावकाश गेलो. ओटा रिकामा होता. दार अर्धवट लोटलेलं होतं, मी आत गेलो. बंदूक भिंतीवर टांगलेली होती, स्वच्छ, पूर्ण. तिच्याखाली दाजीसाहेब कोट घालून बसले होते. जायचं कुठंच नव्हतं.

"आज काही काम नाही, मास्तर," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"कामाला नाही आलो. असाच आलो."

त्यांनी गडबडीनं खुर्ची पुसली. मी बसलो. दोघांनाही बोलायला काही सुचेना. अंबारीचं वजन झालं होतं, तलवार सापडून झाली होती. रस्त्यावरून रामलाल गेला, त्याच्या कॅनचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही ऐकला.

"किती वेळ बसाल?" त्यांनी विचारलं.

प्रश्न साधा होता, पण तो त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. कमान हातात असताना माणूस किती वेळ बसेल हे ते ठरवायचे. आता त्यांच्याकडे मला धरून ठेवायला काहीच नव्हतं.

"जेवायलाच थांबतो म्हणतो," मी म्हणालो. "आमच्याकडे आज स्वयंपाक नाही."

आमच्या आमटीचा वास त्यांच्या खिडकीतून सरळ आत येत होता. तो त्यांनाही आला असणार. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येऊ लागले.

"मास्तर," आतून त्यांनी विचारलं, "वरणाला फोडणी देऊ ना? एकट्यापुरती मी देत नाही."

"द्या की."

पुन्हा डबे सरकल्याचे आवाज आले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मोहरी कुठं ठेवली होती, ते आठवावं लागेल."