जान्हवी गर्ल्स हॉस्टेल, बराकपूर

भालचंद्र कानिटकरांना उशीर हा शब्दच ठाऊक नव्हता. गाडी नऊची असली की हे साडेसातला फलाटावर हजर! त्यामुळे मुलगी अकरावीत गेली त्याच आठवड्यात त्यांनी घरात जाहीर केलं, "कॉलेजची तयारी आजपासून सुरू!"

"अहो, अजून दोन वर्षं आहेत," शारदाबाई म्हणाल्या.

"दोनच! आमच्या बँकेतल्या सुमितचा भाऊ हॉस्टेलवर गेला आणि आठव्या दिवशी बॅग घेऊन घरी परत! का? तर कपडे धुता येईनात, मेसचं जेवण उतरेना, आणि अडलं तर विचारायचं कुणाला, हे पोराला माहीतच नाही! आपण घरातच हॉस्टेल काढू. जान्हवीची खोली हे हॉस्टेल, तू मेस आणि मी वॉर्डन!"

बावीस नियम निघाले. बाविसावा नियम असा, की कसलीही अडचण आली तर वॉर्डनकडे लेखी अर्ज करावा.

"बाबा, मला भूक पावली," जान्हवी म्हणाली. तिचं मराठी बराकपुरात वाढलेलं. बंगालीत भूक लागत नाही, पावते.

"अर्ज कर!"

तिने अर्ज केला. वॉर्डनने शुद्धलेखनाच्या चार चुका काढून तो फेटाळला. तेवढ्यात शारदाबाईंनी थालीपीठ वाढून टाकलं.

खोलीच्या दारावर लावायला भालचंद्ररावांनी एक छोटीशी पाटी करायला टाकली होती. कोलकात्यात बारा वर्षं काढूनही त्यांचं बंगाली भाजीबाजाराच्या पुढे सरकलं नव्हतं. लिपीशी तर ओळखच नव्हती. तरीही मापं त्यांनी ऐटीत बंगालीतच सांगितली. शनिवारी सकाळी हातात पडला तो आठ फुटी फ्लेक्स! लालभडक अक्षरांत 'जान्हवी गर्ल्स हॉस्टेल', खाली वॉर्डनचं नाव आणि मोबाईल नंबर. वर घडीच्या सुरकुत्या इतक्या, की जणू कुणी त्यावर रात्रभर झोपलं होतं. सुरकुत्या जाव्यात म्हणून भालचंद्ररावांनी तो बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात टाकला. बाल्कनीखाली स्टेशनचा रस्ता, आणि दिवस कॉलेजप्रवेशाचे!

अकरा वाजता बेल वाजली. दारात एक किडकिडीत गृहस्थ उभे. मागे वेणी घातलेली एक मुलगी आणि एक पत्र्याची ट्रंक.

"निमाई मंडल. बाँकुडा," गृहस्थ हात जोडून म्हणाले. "मेयेदेर होस्टेल?"

आपली कीर्ती बाँकुड्यापर्यंत पोचली! भालचंद्रराव फुलून गेले. "हां हां, आइए! देखिए!" त्यांनी खोली दाखवली, नियम दाखवले, वेळापत्रक दाखवलं.

मंडलांनी मुलीकडे बोट केलं. "मेये एखाने थाकबे?"

म्हणजे, मुलगी इथे राहील ना? 'थाकबे' म्हणजे राहील. भालचंद्ररावांना ऐकू आलं 'थकेल'.

"थकेगी! जरूर थकेगी!" ते उत्साहाने म्हणाले. "थके बिना तैयारी कैसे होगी?"

मंडलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भालचंद्ररावांच्या गुडघ्याला हात लावला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि 'ट्रेन आछे' म्हणत जिना उतरले. भालचंद्रराव वळून बघतात तो हॉलमध्ये ट्रंक! आणि ट्रंकेवर मुलगी!

"शारदा! ते पाहुणे मुलगी विसरून गेले!"

"विसरले कसले?" शारदाबाई बाल्कनीतून ओरडल्या. "अहो, ही पाटी बघा! खाली आणखी दोन बाप उभे आहेत!"

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. फोन खणखणू लागला. एकीला एसी हवा होता, दुसरीला अटॅच्ड बाथरूम. एका मावशींनी तर आठवड्यातून किती दिवस मासे मिळतील हे विचारलं, आणि शून्य ऐकल्यावर त्यांनी भालचंद्ररावांचीच कीव केली. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी सान्यालबाबू धापा टाकत आले. "मिस्टर कानिटकर! रेसिडेन्शियल फ्लॅटमध्ये धंदा?"

"धंदा नाही, तालीम आहे!"

"मग ही कोण?"

मुलगी ट्रंकेवर अंग चोरून बसली होती. तिच्याकडे बघून सान्यालबाबूंचा आवाज एकदम खाली आला. "जेवली का ती?" त्यांनी विचारलं आणि फ्लेक्स गुंडाळून काखेत मारून निघून गेले.

मंडलांचा फोन लागला तेव्हा त्यांची गाडी खरगपूरच्या पुढे गेली होती. सगळा घोटाळा कळल्यावर ते बिचारे रडकुंडीला आले. सोमवारी कॉलेजात मुलीची, म्हणजे पियालीची, कागदपत्रं दाखवली नाहीत तर सीट जाणार होती. कोलकात्यात ओळखीचं कुणी नव्हतं. "मी पुढच्या गाडीने परत येतो," ते म्हणाले.

शारदाबाईंनी फोन ओढून घेतला. "येऊ नका. मेये थाकबे!"

रविवारी दुपारी जान्हवीने पाहिलं, तर पियाली भिंतीवरचे बावीस नियम वाचत होती, नाक कागदाला टेकवून! दोघींची बंगालीत बराच वेळ कुजबुज झाली. मग जान्हवी बाबांकडे आली. "बाबा, तिला लांबचं दिसत नाही, बारीक अक्षरही नाही. चष्म्यानेसुद्धा नाही. कॉलेजात मोठ्या अक्षरांचे पेपर मिळतात, लेखनिक मिळतो, जास्त वेळ मिळतो. पण तिने फॉर्मात काही लिहिलंच नाही. सांगितलं तर सीट जाईल म्हणते."

भालचंद्ररावांच्या अंगात वॉर्डन संचारला. "सीट कशी जाईल? हक्क आहे तिचा! उद्या मी जातो बरोबर!"

"मी पण येते. फॉर्म बंगालीत असणार."

"वॉर्डनला मदत लागत नाही!"

सोमवारी साडेनवाचं ऑफिस. हे आठला रांगेत. 'मदत हवी' म्हटल्यावर खिडकीवरच्या बाईंनी मदतकक्षाचा फॉर्म दिला. सगळा बंगालीत! पियाली काही सांगू पाहत होती, पण भालचंद्ररावांनी तिला हाताने थांबवलं आणि रकान्यांचा अंदाज घेत इंग्रजीत भराभर भरून टाकला.

बाईंनी तो खणखणीत आवाजात वाचला. "विद्यार्थिनी, भालचंद्र कानिटकर. वय त्रेपन्न. अडचण, बँक ऑफ..." त्या थांबल्या. "दादा, हे मुलींचं कॉलेज आहे."

आख्खी रांग हसली. एक मुलगी तर हसता हसता खाली बसली. भालचंद्रराव टोमॅटोसारखे लाल!

आणि मग, दोन दिवसांत पहिल्यांदाच, पियालीही खळखळून हसली. हसता हसता पुढे आली, खिडकीच्या गजांना धरून म्हणाली, "दीदी, दुसरा फॉर्म द्या. मला नीट दिसत नाही. मोठ्या अक्षरांचा पेपर हवा, लेखनिक हवा, आणि वर्गात पहिल्या बाकावर जागा हवी."

"मग आधी का नाही सांगितलंस गं?" बाई म्हणाल्या. "सीटला काही होत नाही. सर्टिफिकेट आहे ना? दे."

तिने फॉर्म नाकाजवळ धरून स्वतःच भरला, ओळ न ओळ. शेवटी भालचंद्ररावांपुढे सरकवला. "काकू, सही." बंगालीत काकाला काकू म्हणतात.

"काका म्हण, काका!" ते हसून म्हणाले, आणि तिने बोट ठेवलेल्या जागी त्यांनी झोकदार सही ठोकली.

बाईंनी फॉर्म पाहिला, भालचंद्ररावांना नखशिखांत पाहिलं आणि शिक्का मारला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण हा आईच्या सहीचा रकाना आहे."